सवलत न देणाऱ्या बाई

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या शाळांत मुलींचा बास्केटबॉल मुलांपेक्षा वेगळ्या नियमांनी खेळला जाई. संघात पाचाऐवजी सहा जणी. तिघी कोर्टाच्या एका अर्ध्यात, तिघी दुसऱ्या अर्ध्यात, आणि मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. आक्रमणाच्या बाजूच्या तिघींनीच बास्केटकडे चेंडू टाकायचा. बचावाच्या बाजूच्या तिघींनी तो अडवायचा, हाती लागला तर रेघेपर्यंत आणून पलीकडच्या सोबतिणीकडे द्यायचा आणि मग तिथंच थांबून पुढचा खेळ बघायचा. बचावाला उभी केलेली मुलगी शाळेची सगळी वर्षं खेळूनही एक गुण न मिळवता बाहेर पडू शके.

या नियमांचं मूळ जुनं आहे. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथं बास्केटबॉल सुरू केला. काही महिन्यांतच जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरन्सन या व्यायामशिक्षिकेने तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवायला घेतला. फार धावल्याने मुलींची प्रकृती बिघडेल, ओढाओढीत त्यांचा सभ्यपणा जाईल, अशी भीती त्या काळी सगळीकडे होती. ती शमवण्यासाठी बेरन्सन यांनी कोर्टाचे तीन भाग पाडले आणि प्रत्येकीला आपल्या भागात राहायला सांगितलं. मुलींना खेळू द्यायचं तर तेव्हा एवढी तडजोड करावी लागली. पण ती तडजोड पुढे ऐंशीहून अधिक वर्षं या ना त्या रूपात टिकून राहिली, आणि मुलींना झेपेल तेवढंच द्यावं ही समजूत खेळाच्या नियमातच मुरली.

ही समजूत मोडायला ज्यांनी सगळं आयुष्य घातलं त्या पॅट समिट याच टेनेसीच्या. १९७४ ते २०१२ अशी ३८ वर्षं त्या नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठात मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. त्यांच्या संघाने १०९८ सामने जिंकले, २०८ गमावले, आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. जिंकण्यापेक्षा हरणं जास्त झालं, असा एकही हंगाम त्या ३८ वर्षांत आला नाही. त्या थांबल्या तेव्हा अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत, मुलांचे संघ धरूनही, एवढे विजय कोणत्याच प्रशिक्षकाच्या नावावर नव्हते. मुलींकडून कमी मागणं म्हणजे त्यांना कमी लेखणं, असं त्या मानत, आणि हे सगळे आकडे त्या एका धारणेतून आलेले आहेत.

शेतावरची मुलगी

पॅट्रिशिया स्यू हेड, म्हणजेच पुढच्या पॅट समिट, हिचा जन्म १४ जून १९५२ रोजी टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिल गावी झाला. घर शेतकऱ्याचं. तीन थोरले भाऊ, एक धाकटी बहीण. दुधाची जनावरं, तंबाखूचं पीक, गवताच्या गंज्या. वडील रिचर्ड हेड अबोल आणि कडक. कामाच्या वाटणीत मुलगा-मुलगी हा भेद त्यांच्याकडे नव्हता. भावांच्या बरोबरीने गवत उचलायचं, तंबाखूची कापणी करायची, गाई पिळायच्या. संध्याकाळी गोठ्यावरच्या गवताच्या माळ्यावर बास्केटबॉल चाले, दोन विरुद्ध दोन, आणि तिथंही भाऊ तिला सोडत नसत.

क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. मुलीला खेळता यावं म्हणून हेड कुटुंब घर बदलून जवळच्या हेन्रिएटा गावी राहायला गेलं, कारण तिथून ज्या शाळेत जाता येई तिथं मुलींचा संघ होता. १९६० च्या दशकातल्या एका शेतकरी बापाने मुलीच्या खेळासाठी घर हलवलं, हे आजही थांबून विचार करावा असं आहे. पॅट समिट यांना पुढे जे साधलं त्याची सुरुवात या निर्णयात आहे.

शाळा संपली तेव्हा मात्र दुसरी भिंत पुढे आली. भावांना खेळाच्या जोरावर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळू शकत होती. मुलींसाठी तशी सोयच नव्हती. मार्टिन इथल्या विद्यापीठात तिचं शिक्षण आईवडिलांनी पदरमोड करून केलं. १९७४ च्या जानेवारीत, शेवटच्या वर्षी, तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. अशा दुखापतीनंतर खेळाडू पुन्हा उभा राहतो ही कल्पना तेव्हा फारशी नव्हती. खेळ विसरायला हवा असं डॉक्टरांचं मत पडलं. गुडघा नीट करा, या मुलीला ऑलिम्पिकला जायचं आहे, असं वडिलांनी त्यांना बजावलं. मुलींचा बास्केटबॉल तोवर ऑलिम्पिकमध्ये एकदाही खेळला गेला नव्हता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा आला, आणि तिथं रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघाच्या दोन कर्णधारांपैकी एक पॅट हेड होती.

महिना २५० डॉलर

गुडघ्यावर उपचार चालू असतानाच, १९७४ मध्ये, नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठातून बोलावणं आलं. काम सहायकाचं होतं: पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं, व्यायामाचे वर्ग शिकवायचे आणि मुलींच्या संघाला मदत करायची. पण आधीच्या प्रशिक्षक रजेवर गेल्या आणि २२ वर्षांच्या पॅट थेट मुख्य प्रशिक्षक झाल्या. पगार महिना २५० डॉलर. संघातल्या काही मुली त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान. गणवेश धुणं, गाडी चालवून संघाला बाहेरगावी नेणं, हेही त्यांच्याकडेच. हे गणवेशसुद्धा आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते. बाहेरगावी मुक्कामाला हॉटेलचे पैसे नसत; यजमान कॉलेजच्या व्यायामशाळेत चटया टाकून मुली झोपत.

पहिला सामना डिसेंबर १९७४ मध्ये मर्सर विद्यापीठाशी झाला. टेनेसी ८३-८४ असा एका गुणाने हरला. बघायला ५३ माणसं होती.

या दारिद्र्यात एक मोठी गोष्ट नुकतीच घडून गेली होती. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत ‘टायटल नाइन’ नावाचं कलम कायदा झालं. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमात लिंगावरून कुणाला वगळता येणार नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. मूळ इंग्रजीत अवघे ३७ शब्द, आणि खेळ हा शब्द त्यांत कुठेच नाही. पण खेळ हाही शिक्षणसंस्थेचाच कार्यक्रम, त्यामुळे मुलींच्या संघांना पैसा, शिष्यवृत्ती, प्रवासखर्च देणं भाग पडणार होतं. विद्यापीठांना हे पचायला वर्षं गेली. कायदा दार उघडतो, आत जाऊन घर उभं करायला माणसं लागतात. टेनेसीत ते माणूस योग्य वेळी हजर होतं.

राज्यातल्या शाळांचा सहा जणींचा खेळ समिट यांना खुपत होता. अर्धं कोर्ट खेळत वाढलेली मुलगी कॉलेजात आली की तिला बचाव किंवा आक्रमण, यातलं एकच येत असे. पूर्ण कोर्ट पळायचा दम तर नसेच. हा नियम राहिला तर आपल्याच राज्यातल्या मुली संघात घेता येणार नाहीत, असं त्यांनी उघडपणे सांगितलं. प्रकरण न्यायालयातही गेलं. अखेर १९७९ मध्ये टेनेसीच्या शाळांनी मुलींसाठी पाच जणींचा, पूर्ण कोर्टाचा खेळ स्वीकारला. आयोवा आणि ओक्लाहोमा या राज्यांत जुना खेळ १९९० च्या दशकापर्यंत रेंगाळला. समिट यांनी जिंकलेल्या सगळ्या सामन्यांपेक्षा हा एक बदल मला मोठा वाटतो, कारण त्याचा लाभ त्यांच्या संघात कधीही न आलेल्या हजारो मुलींना झाला.

कॉलेजचा प्रशिक्षक काय करतो

अमेरिकेत कॉलेजच्या प्रशिक्षकाचं काम आपल्या कल्पनेपेक्षा बरंच पसरलेलं असतं. त्याला खेळाडू आयते मिळत नाहीत. देशभरातल्या शाळांचे सामने बघत फिरायचं, चांगली मुलं हेरायची, त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांसमोर बसायचं आणि चार वर्षांसाठी मूल आमच्या हवाली करा, असं पटवायचं. बदल्यात शिष्यवृत्ती द्यायची. तेवढ्यात दहा-वीस दुसरी कॉलेजंही त्याच घराच्या पायऱ्या झिजवत असतात. मूल आलं की त्याला खेळ शिकवायचा आणि त्याचा अभ्यासही चालू ठेवायचा, कारण ठरावीक गुण नसतील तर खेळायला परवानगी नाही. चार वर्षांनी खेळाडू निघून जातो आणि सगळं नव्याने सुरू होतं. हंगामाच्या शेवटी, मार्चमध्ये, देशभरातल्या निवडक संघांची बाद स्पर्धा होते. एक पराभव झाला की वर्ष संपलं. शेवटचे चार संघ उरतात त्या टप्प्याला ‘फायनल फोर’ म्हणतात आणि तिथवर पोचणं हाच मोठा मान असतो. मुलींसाठी ही स्पर्धा कॉलेज क्रीडासंघटनेने, म्हणजे एनसीएएने, १९८२ मध्ये सुरू केली. समिट यांचा संघ पहिल्याच वर्षी फायनल फोरमध्ये होता, आणि १९८२ ते २०१२ या ३१ वर्षांत एकदाही या स्पर्धेबाहेर राहिला नाही.

घरोघर जाऊन मुली मिळवण्याच्या या कामाची एक हकिकत टेनेसीत आजही सांगितली जाते. सप्टेंबर १९९० मध्ये समिट नऊ महिन्यांच्या गरोदर होत्या. मिशेल मार्सिनिअ‍ॅक या शाळकरी खेळाडूच्या घरी त्या पेनसिल्वेनियाला गेल्या आणि तिथं बोलत असतानाच प्रसूतीची लक्षणं सुरू झाली. बोलणं आटोपून त्यांनी विमान गाठलं. वाटेत कळा वाढल्या तेव्हा व्हर्जिनियात विमान उतरवावं असं वैमानिकांना वाटलं. समिट यांनी नकार दिला. मूल टेनेसीतच जन्मायला हवं होतं. शिवाय त्याच वर्षी मार्चमध्ये व्हर्जिनियाच्या संघाने त्यांना हरवून नॉक्सव्हिलमध्येच होणाऱ्या फायनल फोरपासून दूर ठेवलं होतं. २१ सप्टेंबरला मुलगा टायलर टेनेसीतच जन्मला. मार्सिनिअ‍ॅक आधी दुसरीकडे गेली, मग बदली घेऊन टेनेसीला आली, आणि १९९६ च्या विजेतेपदाच्या वेळी फायनल फोरची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

पहिल्या तीन रांगा

समिट यांच्या नजरेबद्दल त्यांच्या खेळाडू आजही बोलतात. निळ्या डोळ्यांची ती रोखलेली नजर बाकावरून कोर्टावर पडली की मुलीला चूक शब्दांशिवाय कळत असे. पण केवळ धाकावर ३८ वर्षं संघ चालत नाही. त्यामागे बारीक विचारांनी बांधलेली शिस्त होती.

पहिला नियम वर्गाचा. प्रत्येक खेळाडूने तासाला पहिल्या तीन रांगांतच बसायचं. विनाकारण तास बुडवला तर सामन्यात जागा नाही, मग ती संघातली सर्वांत मोठी खेळाडू का असेना. पुढच्या रांगेतल्या मुलीला शिक्षक ओळखू लागतात, ती झोपू शकत नाही, तिला उत्तर द्यावं लागतं. शिक्षणाची सवय अशी जागेपासूनच लागते. समिट यांच्या हाताखालून एकूण १६१ खेळाडू गेल्या. त्यांतल्या ज्यांनी टेनेसीत आपली खेळाची सगळी वर्षं पूर्ण केली त्या प्रत्येकीने पदवी मिळवली. मोठ्या कॉलेज खेळांत, जिथं खेळाडू मैदान गाजवून पदवीविना बाहेर पडल्याची उदाहरणं ढिगाने आहेत, तिथं हा आकडा कोणत्याही चषकापेक्षा दुर्मीळ आहे.

दुसरा नियम बोलण्याचा. टीका ऐकल्यावर मुलीने प्रशिक्षकाच्या डोळ्यांत बघून ‘रिबाउंड’ म्हणायचं. कौतुक ऐकल्यावर ‘टू पॉइंट्स’. बास्केट हुकून परत आलेला चेंडू पकडणं म्हणजे रिबाउंड. चूक झाली, ती ऐकली, उचलली आणि पुढे निघाले, एवढं सगळं त्या एका शब्दात येई. रागवून घेतल्यावर मनात कुढत बसायला जागा राहत नसे, आणि कौतुकही कानावरून जाऊ न देता स्वीकारावं लागे. मुलींना बहुधा हे दुसरंच जास्त जड जातं.

तिसरी गोष्ट सरावाची. सरावाला त्या विद्यापीठातल्या मुलांना बोलावत आणि मुलींना त्यांच्याविरुद्ध खेळवत. उंच, वेगवान, ताकदवान मुलांपुढे रोज बचाव करणाऱ्या मुलीला सामन्यातली प्रतिस्पर्धी अवघड वाटत नाही. त्यांचा सगळा भर बचावावर आणि रिबाउंडवर असे. बास्केटमध्ये चेंडू पडणं एखाद्या दिवशी नशिबावर जातं. बचावाला पळणं आणि परतलेल्या चेंडूसाठी झेप घेणं हे मात्र दररोज स्वतःच्या हातात असतं. ज्या गोष्टी मेहनतीने होतात त्यांत कमी पडण्याला त्या माफी देत नसत. संघ ढिला पडला तर सगळ्या सोयींनी सजलेली लॉकर रूम मुलींना बंद होई.

ही शिस्त प्रत्येकीपाशी वेगळ्या रूपात पोचे. तमिका कॅचिंग्ज हिला जन्मापासून कमी ऐकू येई. लहानपणी मुलं चिडवत म्हणून तिने श्रवणयंत्र फेकून दिलं होतं आणि ओठ वाचून ती वेळ निभावत असे. टेनेसीत आल्यावर समिट यांनी तिच्याशी याबद्दल सरळ बोलणं केलं, पुन्हा यंत्र वापरायला आणि बोलण्याचे धडे घ्यायला तयार केलं. तिच्यासाठी काही सोपं करून देणं त्यांना सहज जमलं असतं. पण ही मुलगी पुढे हजारो लोकांसमोर बोलणार आहे, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. कॅचिंग्जने पुढे चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवली.

चढती वर्षं

पहिलं राष्ट्रीय विजेतेपद यायला तेरा हंगाम लागले. त्याआधी १९८४ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला समिट अमेरिकेच्या प्रशिक्षक म्हणून गेल्या आणि सुवर्णपदक घेऊन आल्या. खेळाडू म्हणून आणि मग प्रशिक्षक म्हणून, अशी दोन्ही नात्यांनी पदकं त्यांच्याकडे जमा झाली. कॉलेजात मात्र त्यांचा संघ फायनल फोरपर्यंत जाई आणि तिथं अडे. १९८७ मध्ये लुइझियाना टेकला ६७-४४ असं हरवून तो अडसर सुटला. त्यानंतर १९८९ आणि १९९१.

१९९६, १९९७ आणि १९९८ अशी सलग तीन विजेतेपदं हा त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत उंच काळ. त्यातलं मधलं वर्ष विशेष बघण्यासारखं आहे. १९९६-९७ च्या हंगामात संघ दहा सामने हरला. टेनेसीच्या मानाने ही पडझडच होती. तरी मार्चच्या बाद स्पर्धेत त्याच मुली उभ्या राहिल्या आणि विजेत्या ठरल्या. पुढच्या वर्षी कॅचिंग्ज आणि सेमेका रँडल या नव्या मुली आल्या. चमीक होल्ड्सक्लॉ ही न्यूयॉर्कमध्ये आजीच्या हाताखाली वाढलेली विलक्षण खेळाडू आधीपासून होतीच. समिट यांनी खेळ आणखी वेगवान केला आणि सगळ्या कोर्टभर प्रतिस्पर्ध्यावर दबाव टाकायला सुरुवात केली. ३९ सामने झाले, ३९ जिंकले. दहा पराभवांचं वर्ष आणि शून्य पराभवांचं वर्ष शेजारी शेजारी ठेवून बघितलं की प्रशिक्षकाचं काम कळतं. पहिल्या वर्षी तुटू न देणं, दुसऱ्या वर्षी सैल पडू न देणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत आणि त्या दोन्ही त्यांच्याजवळ होत्या.

१९९५ पासून जीनो ऑरिएमा यांच्या कनेटिकट संघाशी सुरू झालेल्या चुरशीने महिलांच्या खेळाला मोठा प्रेक्षक मिळवून दिला. त्या चुरशीत समिट यांना पराभवही भरपूर पचवावे लागले. १९९५, २०००, २००३ आणि २००४ अशा चार अंतिम सामन्यांत कनेटिकटने त्यांना हरवलं. सातवं विजेतेपद नऊ वर्षांनी, २००७ मध्ये, कँडेस पार्करच्या खेळावर आलं आणि आठवं २००८ मध्ये. जानेवारी २००६ मध्ये कनेटिकटविरुद्धचा सामना बघायला नॉक्सव्हिलमध्ये २४,६५३ प्रेक्षक आले होते. त्याच वर्षी समिट वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक मानधन घेणाऱ्या महिला बास्केटबॉलच्या पहिल्या प्रशिक्षक झाल्या.

विद्यापीठाने त्यांना मुलांच्या संघाचं प्रशिक्षकपद घेण्याबद्दल दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या नाही म्हणाल्या. मुलांच्या संघाकडे जाणं ही बढती का समजायची, असा त्यांचा साधा प्रश्न होता. मुलींचा खेळ ही शिकाऊ पायरी आणि मुलांचा खेळ हे खरं काम, ही उतरंड त्यांनी आयुष्यभर मानलीच नाही. म्हणून हा नकार त्यांच्या आठ विजेतेपदांइतकाच महत्त्वाचा आहे.

शेवटचा हंगाम

२०१०-११ च्या हंगामात त्यांना वेळा चुकू लागल्या, वस्तू सापडेनाशा झाल्या, आणि वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेल्या खेळाच्या आखण्या ऐन सामन्यात आठवेनात. २०११ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये तपासण्या झाल्या. निदान होतं अल्झायमर, तोही लवकर सुरू झालेला. या आजारात मेंदूमध्ये विशिष्ट प्रथिनांचे थर आणि गुंते साचत जातात, मज्जापेशी मरतात आणि आधी नव्या आठवणी, मग जुन्या, मग दैनंदिन कामंही हातून निसटतात. पासष्ट वर्षांच्या आत तो सुरू झाला तर त्याला लवकरचा अल्झायमर म्हणतात. समिट तेव्हा साठीच्या आतच होत्या.

२३ ऑगस्ट २०११ रोजी त्यांनी हे जाहीर केलं. कुणी कीव करू नये, आपण काम चालू ठेवणार आहोत, असं सांगितलं. कॉलेज बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाचं सगळं भांडवल त्याच्या स्मरणशक्तीत असतं. प्रतिस्पर्ध्याच्या सवयी, स्वतःच्या खेळाडूंच्या खुब्या, क्षणात निवडायची चाल. ते भांडवल संपत चालल्याचं जगासमोर सांगून त्या आणखी एक हंगाम बाकावर बसल्या. विद्यापीठाने साथ दिली. सहायक प्रशिक्षक हॉली वॉर्लिक यांनी रोजचा भार उचलला. वॉर्लिक ह्या १९७० च्या दशकात समिट यांच्याच संघातून खेळलेल्या, आणि नंतर २७ वर्षं त्यांच्या शेजारी बसलेल्या. त्या हंगामात संघाने २७ सामने जिंकले आणि राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांपर्यंत मजल मारली. एप्रिल २०१२ मध्ये समिट यांनी पद सोडलं आणि वॉर्लिक मुख्य प्रशिक्षक झाल्या. मे महिन्यात अध्यक्ष बराक ओबामा यांच्या हस्ते त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

आजार जाहीर केल्यावर त्यांनी अल्झायमरच्या संशोधनासाठी आणि रुग्णांची काळजी घेणाऱ्या कुटुंबांसाठी निधी उभारणारी संस्था सुरू केली. अमेरिकेतही तेव्हा असा आजार घरात ठेवायची, लोकांपासून लपवायची रीत होती. एवढ्या ओळखीच्या चेहऱ्याने तो बोलून दाखवल्यामुळे अनेक घरांना तो बोलता आला. २८ जून २०१६ रोजी, ६४ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

मागे राहिलेला प्रश्न

समिट यांच्या कारकिर्दीच्या जोडीने एक उलटी गोष्टही घडत गेली, आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. १९७२ मध्ये अमेरिकी कॉलेजांतल्या मुलींच्या संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. टायटल नाइनमुळे पैसा आला, पगार वाढले, पदांना प्रतिष्ठा आली. मग त्या पदांवर पुरुषही अर्ज करू लागले, आणि नेमणुका करणारे अधिकारी बहुतेक पुरुषच होते. आज मुलींच्या संघांवरच्या स्त्री प्रशिक्षकांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं आहे. मुलांच्या संघांवर स्त्रिया नेमण्याचं प्रमाण मात्र फारच थोडं राहिलं. खेळणाऱ्या मुली अनेक पटींनी वाढल्या, पण त्यांच्यासमोर प्रशिक्षक म्हणून बाई उभी असण्याची शक्यता कमी झाली.

समिट यांनी याला आपल्या परीने उत्तर दिलं. त्यांच्या खेळाडू आणि सहायकांपैकी कितीतरी जणी पुढे प्रशिक्षक झाल्या: नॉक्सव्हिलमध्येच नंतर प्रशिक्षक झालेल्या केली हार्पर, ड्यूक विद्यापीठाच्या कॅरा लॉसन, १९८४ च्या ऑलिम्पिक संघात त्यांच्याकडे खेळलेल्या किम मुल्की. आणि त्यांना हरवणाऱ्यांमध्येही ही परंपरा पोचली. १९९० मध्ये नॉक्सव्हिलचं फायनल फोर हिरावून घेणाऱ्या व्हर्जिनिया संघातली चपळ खेळाडू डॉन स्टेली पुढे साउथ कॅरोलायना विद्यापीठाची प्रशिक्षक झाली. २०२४ मध्ये तिच्या संघाने ३८ पैकी ३८ सामने जिंकले, आणि आयोवाविरुद्धचा तो अंतिम सामना टीव्हीवर सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. मुलांच्या अंतिम सामन्याहून मुलींच्या सामन्याला जास्त प्रेक्षक मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

कडक प्रशिक्षक जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेच नुसतेच कडक असतात. समिट यांच्या कडकपणाची कसोटी दुसरीकडे घ्यावी लागते. ज्या मुलीकडून पहिल्या तीन रांगांत बसण्याची अपेक्षा केली तिला पदवीपर्यंत नेलं का? जिच्या ऐकू न येण्याबद्दल बोललं गेलं ती पुढे मोकळेपणाने बोलू लागली का? जिच्याकडून मुलांविरुद्ध पळण्याची मागणी केली तिच्यासाठी स्वतः गणवेश धुण्यापासून विद्यापीठाशी भांडण्यापर्यंत सगळं केलं का? या तिन्ही प्रश्नांना त्यांच्या ३८ वर्षांचं उत्तर होय असं आहे. मागणाऱ्याने स्वतःही तेवढंच द्यायचं असतं, आणि समिट यांनी ते दिलं; म्हणून त्यांच्या खेळाडू आज त्यांच्या रागाबद्दलही कृतज्ञतेने बोलतात. शाळा-कॉलेजांत मुलींचा संघ बांधणाऱ्या कुठल्याही शिक्षकाने आधी खेळाच्या चाली शिकाव्यात की डावपेच, हा पुढचा प्रश्न आहे. समोरची मुलगी पूर्ण कोर्ट पळू शकते, हे त्याने आधी मनापासून मानायला हवं.